एकसष्टच्या जागी नऊ

प्रिय ताई,

तुझी चिठ्ठी शनिवारी मिळाली. चारच ओळी आहेत, पण मी त्या इतक्यांदा उघडून वाचल्या की घडीवर कागद फाटायला आला आहे. तू लिहिलं आहेस की तुझ्या कामाच्या बाजूला एखादी खोली बघ, एकटीपुरती, लहान असली तरी चालेल. ज्या घरातलं माणूस माझ्यामुळे गेलं, त्या घरात मला घास गिळवत नाही. आणि खाली बारीक अक्षरात, तुझ्या भाऊजींना यातलं अजून काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. मी लगेच उत्तर पाठवायला हवं होतं. आज बुधवार उजाडला. दोन पत्रं लिहून फाडली, कारण पहिल्यात मी स्वतःचीच कीव करत बसलो होतो आणि दुसऱ्यात तुझी. हे तिसरं. यात जे झालं तेवढंच लिहीन, आणि ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने.

ही नोकरी लागली तेव्हा तू गल्लीभर सांगत सुटली होतीस की धाकटा आता डॉक्टरांच्या हाताखाली आहे, रोगराईचा आधीच पत्ता लावतो. डॉक्टर कुठले, ताई! मी डबे सांभाळणारा माणूस. पण तू सांगत होतीस ते ऐकताना मला बरं वाटत होतं, म्हणून कधी दुरुस्त केलं नाही. अर्जात मी शिक्षण दहावी लिहिलं होतं. आठवीतून उठलो हे तुला माहीत आहे, त्यांना नाही. तू मला घरी बसवून शुद्धलेखन गिरवून घेतलंस, त्यामुळे माझ्या लिहिण्यात कोणाला चूक सापडत नाही. आणि ज्याला असं बिनचूक लिहिता येतं त्याला वाचलेलं सगळं कळतही असेल, असं लोक धरून चालतात. मीही त्यांना तसंच धरून चालू दिलं.

काम काय आहे ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही, आणि ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या भागात गल्लीगणिक एक काळा डबा ठेवलेला असतो. त्यात अर्ध्यापर्यंत पाणी आणि कडेला अडकवलेली एक खरबरीत लाकडी पट्टी. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची मादी त्या पट्टीवर, पाण्याच्या जरा वर, अंडी घालते. दर गुरुवारी मी जुनी पट्टी काढायची, डबा साफ करायचा, नवी पट्टी लावायची आणि कचेरीत येऊन भिंगाखाली अंडी मोजायची. छापलेल्या पूर्णविरामाएवढी असतात, काळी. तो आकडा यंत्रात भरला की वरच्या मजल्यावर जातो. तिथे एक बाई बसतात, आम्ही त्यांना नकाशावाल्या बाई म्हणतो. त्या अंड्यांचे आकडे, पाऊस, उकाडा, दवाखान्यांतले तापाचे रोगी हे सगळं संगणकाला देतात आणि ताप पुढे कुठे चढणार हे तो तीन आठवडे आधी सांगतो. भिंतीवरच्या नकाशात गल्लीगल्लीचे चौकोन आहेत. चौकोन लाल झाला की तिथे टोळी जाते, धूर मारते, पिंपा-टाक्यांत औषध टाकते, घरोघर बघते. हिरव्या चौकोनात कोणी फिरकत नाही. टोळ्या दोनच आहेत आणि गल्ल्या दोनशेच्या वर, म्हणून तर हा नकाशा. कुठे जायचं नाही हे सांगणं, हेच त्याचं निम्मं काम.

माझ्याकडे अठरा डबे होते. तुमच्या गल्लीचा डबा मी मुद्दाम तुझ्या मागच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवला, म्हणजे गुरुवारी तुझ्या हातचा चहा मिळेल. तुझ्या सासूबाई, माझ्या तोंडात त्यांच्यासाठी मावशीच बसलं आहे, दारातल्या पाटावर बसून माझं काम बघत असायच्या. आले का रे तुझे पाहुणे, असं विचारायच्या. मी पट्टी उजेडात धरायचो आणि म्हणायचो, नाही मावशी, या आठवड्यातही कोणी नाही. मग त्या तुला आत हाक मारून सांगायच्या, ऐकलंस का गं, आपल्या घरावर डासही रुसलेत.

आता डबा साफ करण्याचं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. उष्टं भांडं मला समोर बघवत नाही. आठवडाभराने डब्याच्या आत बुळबुळीत थर जमतो, पाण्याला वास येतो. मी पिशवीत साबण आणि काथ्या घेऊन फिरायचो. प्रत्येक डबा आतून-बाहेरून घासायचो, पुसून कोरडा करायचो आणि त्यात ताजं, स्वच्छ पाणी भरायचो. अठराच्या अठरा डबे आरशासारखे. माझ्यासोबत लागलेला एक जण आहे, त्याला सगळे गबाळ्याच म्हणतात, त्याचे डबे तर शेवाळलेले, त्यात कुजकी पानं, आणि आकडे पन्नास, सत्तर, नव्वद. मला वाटायचं, घाणीत डास होणारच. त्याचे चौकोन लाल आणि माझे हिरवे बघून मला आतून गुदगुल्या व्हायच्या. जणू ती माझीच प्रगतिपुस्तकं भिंतीवर लावली होती.

एकदा मावशी मला म्हणाल्या, अरे, इतक्या चकचकीत डब्यात कोण मेलं अंडी घालणार? कोंबडीसुद्धा मळक्या टोपलीत बसते. तुला आठवतं? तू दाराला टेकून हसत होतीस. मीही हसलो, आणि डबा जास्तच जोरात घासला.

त्या बरोबर होत्या, ताई. त्या मादीला शिळं, पालापाचोळा मुरलेलं पाणी लागतं, त्या वासावर ती येते. साबणाचा अंश राहिला तर ती डब्याच्या कडेलाही टेकत नाही. हे आम्हाला दिलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे, नवव्या पानावर. ती पुस्तिका मी पहिल्याच दिवशी घेतली, चार पानं वाचली, जड शब्द लागले, बाकीच्यांसमोर विचारायची लाज वाटली, आणि शेवटच्या पानावर 'वाचले व समजले' या ओळीखाली सही केली. सही फार सुबक आहे. परवा मला ती दाखवण्यात आली.

इथपर्यंतचं सगळं अडाणीपण म्हणून खपलं असतं. तूही म्हणाली असतीस की त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पण पुढचं तसं नाही.

मावशींना ताप आला त्याच्या तीन आठवडे आधी, एका बुधवारी नकाशावाल्या बाई स्वतः खाली आल्या. शांत बोलतात त्या, कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच धास्ती वाटते. म्हणाल्या, तुमच्या गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना आकडे वाढताहेत आणि मधेच तुमचे अठरा डबे शून्यावर, दोनावर. असं बेट सहसा नसतं. मग विचारलं, डबे धुताना काही लावता का, साबण वगैरे? त्यांनी हे अगदी सहज विचारलं होतं. मी हो म्हणालो असतो तर त्यांनी तिथल्या तिथे समजावलं असतं आणि त्या आठवड्याचे माझे आकडे बाजूला काढले असते. पण मला त्या प्रश्नातच कळलं की साबण लावायचा नसतो. आणि मी म्हणालो, नाही बाई, नुसत्या पाण्याने. वर हेही म्हणालो की माझ्या भागातली माणसं टापटिपीची आहेत. गबाळ्या बाजूलाच पट्ट्या सुकवत होता. तो म्हणाला, हो बाई, याच्या भागातले डास आंघोळ करूनच बाहेर पडतात. सगळे हसले. बाईही थोडं हसल्या आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी साबण घरी ठेवला. डबे नुसते विसळले, गबाळ्याच्या डब्यातलं थोडं शेवाळलेलं पाणी बाटलीत भरून नेलं होतं, ते प्रत्येकात ओतलं. मला वाटलं, चूक सुधारली. पुढच्या गुरुवारी तुझ्या दाराशी पट्टी काढली तेव्हा ती काळी ठिपकेदार झाली होती. मावशींनी विचारलं, आले का पाहुणे? मी म्हणालो, थोडे आलेत. कचेरीत भिंगाखाली तीनदा मोजली. एकसष्ट. बाकीच्या सतरा डब्यांतही तसंच. मी आकडा भरायला बसलो आणि माझा हात थांबला. मागच्या आठवड्यात दोन आणि या आठवड्यात एकदम एकसष्ट? बाई पुन्हा खाली येतील. पुन्हा विचारतील. म्हणून मी एकसष्टच्या जागी नऊ भरले. ठरवलं की दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्यायचं, म्हणजे खऱ्या आकड्याला हळूच जाऊन मिळता येईल आणि मधला खड्डा कोणाला दिसणार नाही. मी त्याचं कोष्टक केलं होतं, ताई. अठरा डबे, सहा आठवडे, पट्टी ठेवून रेघा मारलेलं. दुसऱ्या गुरुवारी चौऱ्याहत्तर होती, मी वीस भरले. तिसऱ्या गुरुवारी अठ्ठ्याऐंशी होती, पस्तीस भरले. एवढ्या तीन आठवड्यांत तुमचा चौकोन हिरवाच राहिला. जरासा पिवळा व्हायला लागला तेव्हा मला वाटलं, आता सगळं जागेवर येतंय.

त्या तिसऱ्या गुरुवारी मी आलो तेव्हा मावशी पाटावर नव्हत्या. तू सांगितलंस की कालपासून अंग तापलंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणतात. मी आत जाऊन त्यांच्या पायाशी उभा राहिलो. त्यांनी पाहुण्यांचं विचारलं नाही. मी तुला लगेच मोठ्या दवाखान्यात ने म्हणालो, हे खरं. पण दारातल्या डब्यातली पट्टी घेऊन मी कचेरीत गेलो आणि तरीही पस्तीसच भरले, हेही खरं. मी स्वतःला हे बरेचदा विचारलं आहे. त्या वेळी तरी हात कसा वळला? उत्तर इतकं साधं आहे की लिहिताना लाज वाटते. कोष्टकात पस्तीस होतं.

सहाव्या दिवशी त्या गेल्या.

त्यानंतर टोळी आली. मीही टोळीच्या मागे होतो, तोंडाला फडकं बांधून, तू मला ओळखलंस की नाही कोण जाणे. पहिलं घर तुमचं, कारण माणूस तिथलं गेलं होतं. तुझ्या पिंपात अळ्या निघाल्या. टोळीतल्या माणसाने पळीभर पाणी काढून सगळ्यांसमोर उजेडात धरलं आणि वळवळणाऱ्या अळ्या वन्संनी बघितल्या. त्या तुला जे बोलल्या ते साऱ्या गल्लीने ऐकलं, तुझ्या पिंपाच्या झाकणाच्या भेगेने माझी आई खाल्ली. भाऊजी खाली बघत उभे होते. मला वाटतं, तेव्हापासून ते तुझ्याशी धड काही बोललेलेच नाहीत. मी फडक्याआड उभा होतो. त्या दिवशी गल्लीतल्या चौदा घरांपैकी अकरा घरांत अळ्या सापडल्या. पाणी तीन दिवसांनी येतं, साठवणार नाहीत तर लोक काय करणार? तो कागद माझ्याच हातात होता, मीच तो भरला होता. तुझ्याशेजारी येऊन वन्संना एवढं जरी वाचून दाखवलं असतं, तरी तू अकरांतली एक झाली असतीस. मी तो घडी करून खिशात घातला. आणि ती झाकणाची भेग? ती मी दर गुरुवारी बघत होतो. पिंपाला टेकून चहा प्यायचो मी. एकदाही आत वाकून बघितलं नाही, कारण डबा शून्य सांगत होता आणि डब्यावर माझा तुझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

गेल्या महिन्यात मी आलो होतो तेव्हा पाणी मागितलं, तर तू पातेलं घेऊन नळावर गेलीस. घरात पाण्याचा थेंब नव्हता. सगळी भांडी पालथी. हंडे पालथे, बादल्या पालथ्या, पेलेसुद्धा. पिंप तर तू देऊनच टाकलंस. तीन दिवसांनी पाणी येतं तेव्हा वापरायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं, मधल्या दिवशी कोपऱ्यावरच्या नळावरून कळशी कळशी आणायची. किती खेपा होतात विचारलं तर म्हणालीस, मोजत नाही रे. तुझ्या तळहातांना घट्टे पडलेत. मी ते पाणी प्यायलो, ताई. पेला तुझ्या हातात परत दिला, तू तो पुसून पालथा घातलास, आणि मी हवापाण्याचं काहीतरी बोलून निघून आलो. या चार महिन्यांत मी जे जे केलं त्यात मला सगळ्यात जास्त लाज त्या पेल्याची वाटते.

शनिवारी तुझी चिठ्ठी आली. सोमवारी कचेरी उघडल्याबरोबर मी वरच्या मजल्यावर गेलो. खरे आकडे माझ्या वहीत होते. खोटं लिहिताना खरं कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. ती वही आणि ते कोष्टक मी बाईंसमोर ठेवलं. त्या पानं उलटत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली, बसा म्हणाल्या, आणि खरे आकडे एकेक करून संगणकात भरले. मला बघायला लावलं. एकसष्ट भरल्याबरोबर तुमचा चौकोन लाल झाला, पहिल्याच आठवड्यात. मावशींना ताप येण्याच्या दोन आठवडे आधी. त्याच्या भोवतीचे माझे आणखी सहा चौकोनही लाल झाले. त्या गल्ल्यांतलीही माणसं आजारी पडली होती, बरी झाली, पण दवाखान्यात पडून होती. गेले चार महिने साहेब बाईंना सभेत टोमणे मारत होते की तुमच्या संगणकाला डास ओळखता येत नाहीत, यापेक्षा ज्योतिषी परवडला. बाईंनी ते ऐकून घेतलं होतं आणि आपलंच गणित पुन्हा पुन्हा तपासलं होतं. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, याच्या आधीच्या आठवड्यांचे डबेही साबणानेच धुतलेले धरू ना? मी हो म्हणालो. त्यांनी ते सगळे आठवडे खोडले. मग म्हणाल्या, मी साबणाचं विचारलं तेव्हाच सांगायचं होतंत हो. त्यात राग असता तर मी सहन केला असता.

मी त्यांना आणखी एक विचारलं, ते तुला सांगायलाच हवं, कारण माझ्या सोयीचं आहे म्हणून लपवलं किंवा गैरसोयीचं म्हणून, दोन्ही एकच. मी विचारलं, टोळी वेळेवर गेली असती तर त्या वाचल्या असत्या का? बाई म्हणाल्या, हे कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. डास कुठे चावला, कुठल्या पाण्यातला होता, हे एका माणसापुरतं कधीच कळत नाही. ताप येण्याची शक्यता कमी झाली असती, एवढंच. म्हणजे मावशींना मी मारलं असं मला म्हणता येत नाही, ताई. पण मग तू मारलंस असं तर कोणालाच म्हणता येत नाही. तुझं एक झाकण भेगाळलेलं होतं. माझ्याकडे अठरा डबे होते, भिंग होतं, वही होती, आणि मला ठाऊक होतं.

मी सगळं लेखी दिलं आहे, शिक्षणाचंही. चौकशी होईपर्यंत मला कामावरून थांबवलं आहे. अठरा डबे आता गबाळ्याकडे गेले. माझी कामाची पिशवी घेताना तो नुसता खांद्यावर हात ठेवून गेला. मला त्याने चेष्टा केलेली परवडली असती.

खोलीचं. एक बघितली आहे, उजेड आहे, मालकीण विचारपूस करणारी आहे. तुला तुझ्या मनाने यायचं असेल तर ये, मी सामान उचलायला येईन. पण ज्या कारणासाठी तू मागते आहेस ते कारण खोटं आहे, आणि ते मी तुला चार महिने खरं म्हणून बाळगू दिलं.

एवढं काल लिहून झालं. आज सकाळी बसून मी त्याच्या दोन प्रती केल्या, शब्द न् शब्द तपासून. एक भाऊजींच्या दुकानाच्या पत्त्यावर आणि एक वन्संच्या घरी, अशा टाकून आलो. हा शेवटचा परिच्छेद तेवढा फक्त तुझा आहे. मी समोर येऊन बोललो नाही ते भीतीने असं तू म्हणशील, आणि थोडी भीती होतीही. पण खरं कारण तू आहेस. शाळेच्या खिडकीची काच मी फोडली तेव्हा मास्तरांच्या छडीपुढे हात कोणी धरला होता? बाबांचं घड्याळ माझ्याकडून विहिरीत पडलं तेव्हा 'माझ्या हातून पडलं' असं पुढे होऊन कोण म्हणालं होतं? मी हे तुला एकटीला सांगितलं असतं, तर तू माझं तोंड पुसलं असतंस, पत्र घडी घालून लुगड्यांच्या तळाशी ठेवलं असतंस आणि माझं नाव राखायला ते पिंप जन्मभर डोक्यावर वाहिलं असतंस. खोलीची गोष्टही त्यांच्या प्रतींत आली आहे, तू सांगू नकोस म्हणाली होतीस, तेवढा तुझा शब्द मी मोडला. बहुधा भाऊजी आज-उद्या दुकान मधेच बंद करून घरी येतील. आले की त्यांना बोलू दे. मी अजून पोरच आहे, मला कळलं नाही, मी मनाने वाईट नाही, असलं काही त्यांना सांगू नकोस. या एका वेळेला, ताई, माझ्या बाजूने एक शब्दही बोलू नकोस.

तुझाच, आणि आजवर तुझ्याच पाठीमागे उभा राहिलेला,
धाकटा